अलार्म वाजला, पण उठलं कोण?

12 जानेवारीच्या पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी मला तहान लागली. या सगळ्या प्रकरणात माझं कर्तृत्व म्हणावं ते एवढंच. पाणी प्यायला निघाले तर बाहेरच्या खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास. दिवा लावला. सोफ्यामागून दोऱ्याएवढी धुराची रेघ सरळ वर चाललेली, अगदी शांतपणे, जणू तिची रोजचीच वाट. सोफ्यामागे एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्याला दोन चार्जर आणि खोली गरम करायचा हीटर लावलेला. बोर्ड एका बाजूने वितळून लोंबत होता आणि सोफ्याच्या पाठीचं कापड तळहाताएवढं तपकिरी होऊन आतल्या आत धुमसत होतं. ज्वाळा कुठेच नव्हती.

मेन स्विच पाडला, नवऱ्याला हाका मारल्या, दोघांनी सोफा ओढला, बादलीभर पाणी ओतलं आणि तो तसाच गॅलरीत नेऊन टाकला. खरं म्हणजे तेव्हाच अग्निशमन दलाला फोन करायला हवा होता. फोममध्ये धग दबून राहते आणि तासाभराने पुन्हा पेट घेऊ शकते, हे मला नंतर कळलं. आम्ही आपले उजाडेपर्यंत सोफ्याकडे बघत गॅलरीत बसून राहिलो.

साडेतीनच्या सुमारास नवऱ्याने मान वर करून विचारलं, "अगं, पण हा का नाही वाजला?"

'हा' म्हणजे बाहेरच्या खोलीच्या छतावरची पांढरी चकती. आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हापासून ती तिथे होती. घरात स्मोक अलार्म आहे, या समाधानात आम्ही चार वर्षं काढली. एवढंच नाही, विम्याच्या फॉर्मवर 'घरात धूरसूचक आहे का?' या प्रश्नापुढे मी दर वर्षी स्वतःच्या हाताने 'हो' लिहीत आले होते. सकाळी शिडीवर चढून ती चकती फिरवून काढली. आत बॅटरीच नव्हती. आधीच्या कुणीतरी पिरपिर नको म्हणून काढली असणार. मागच्या बाजूला उत्पादनाचं साल होतं 2011.

तुमच्या घरात अशी चकती असेल, तर हे वाचणं सोडून आधी ती उतरवा आणि मागचं साल बघा. स्मोक अलार्मचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात आणि ते बनवल्याच्या तारखेपासून मोजायचं, भिंतीवर लावल्याच्या नव्हे. आमच्याचं आयुष्य 2021 मध्येच संपलं होतं, म्हणजे जवळपास आम्ही इथे राहायला आलो तेव्हाच.

त्या दिवशी मी घरातली एक अर्धी वापरलेली बॅटरी त्यात घालून बटण दाबलं, तर तो कर्कश ओरडला. नवरा म्हणाला, "बघ, चालतोय की." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण बटणाने मुख्यतः बॅटरी, सर्किट आणि भोंगा ठीक आहेत एवढं कळतं. चौदा वर्षांची धूळ खाल्लेल्या आतल्या कप्प्याला धूर अजून ओळखता येतो का, याची खात्री त्यातून मिळत नाही. तो अलार्म मी एका बुटांच्या खोक्यात घालून गॅलरीत ठेवला, बॅटरीसकट. हे खोकं लक्षात ठेवा.

पुढचे दोन दिवस मला झोप लागत नव्हती. डोळे मिटले की ती धुराची रेघ दिसायची. सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की घरात आणखी तिघं होती आणि त्यातलं एकही वासाने जागं झालं नाही. मला वाटायचं, धुराचा वास आला की माणूस उठतोच. तसं नसतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा आणि पिरिडीन नावाच्या उग्र रसायनाचा वास देऊन पाहिला होता. गाढ झोपेतली माणसं ढिम्म हलली नाहीत. त्याच माणसांना आवाजाने मात्र जाग येत होती. नाक झोपतं, कान निदान अर्धवट तरी जागे राहतात, म्हणून तर हे यंत्र वास सोडत नाही, ओरडतं.

आता कागदपत्रांचा भाग. घर भाड्याचं असल्यामुळे छताला भोकं पाडायला घरमालकांची लेखी परवानगी हवी होती. 13 जानेवारीला ईमेल पाठवला. उत्तर नाही. 17 तारखेला पुन्हा पाठवला, या वेळी वितळलेल्या बोर्डाचा आणि 2011 लिहिलेल्या चकतीचा फोटो जोडून. 22 तारखेला एका ओळीचं उत्तर आलं: 'हरकत नाही, जाताना भोकं बुजवावीत.' खर्चाबद्दल अवाक्षर नाही. बऱ्याच देशांत भाड्याच्या घरात चालू स्मोक अलार्म देणं घरमालकाची कायदेशीर जबाबदारी असते, तेव्हा खिशात हात घालण्याआधी आपल्याकडचा नियम बघून घ्या. मी न बघता 'खर्च आम्ही करू' असं पहिल्याच ईमेलमध्ये लिहून बसले होते. घाबरलेल्या माणसाने ईमेल लिहू नये.

मग इमारतीचं ऑफिस. तिथे ड्रिलिंगसाठी वेगळा फॉर्म, त्यावर 'कामाचे स्वरूप', 'आवाजाचा अंदाजे कालावधी' आणि 'कामगारांची संख्या'. कामगारांच्या रकान्यात मी 'नवरा' लिहिलं. ते खोडून '1' लिहायला लावलं. 23 तारखेला दिलेला फॉर्म 30 तारखेला शिक्का मारून परत आला. धुमसणाऱ्या सोफ्यापासून पहिल्या भोकाच्या परवानगीपर्यंत बरोबर अठरा दिवस. एक मात्र चांगलं झालं. या प्रतीक्षेत माझं वाचून झालं, नाहीतर मी पहिल्याच दिवशी समोर दिसेल ते उचलून आणलं असतं.

घरगुती स्मोक अलार्म मुख्यतः दोन जातींचे. पहिला आयनीकरणाचा. त्यात अमेरिशियम-241 या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कणभर साठा असतो, एका ग्रॅमचा दशलक्षांश भागही नाही. त्यातून निघणारे अल्फा कण दोन पट्ट्यांमधल्या हवेला विद्युतभारित करतात आणि बारीकसा प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत आले की प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. याच्या मुळाचा किस्सा मजेशीर आहे. 1930 च्या दशकात वाल्टर येगर नावाचे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवायच्या खटपटीत होते. वायूने काटा हलेना, म्हणून वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने काटा हलला, असं सांगतात.

दुसरा प्रकाशावर चालणारा. आत अंधारा कप्पा, त्यात एक छोटा दिवा आणि दिव्याचा उजेड थेट पडणार नाही अशा कोनात बसवलेला सेन्सर. धूर शिरला की उजेड विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण चमकतात ना, तेच तत्त्व.

फरक कळीचा आहे. भडकलेल्या आगीचे बारीक कण आयनीकरणाचा अलार्म सहसा थोडा लवकर पकडतो. आतल्या आत धुमसणाऱ्या आगीचा जाडसर धूर मात्र प्रकाशवाला लवकर पकडतो, आणि तिथे फरक कधीकधी सेकंदांचा नाही, कित्येक मिनिटांचा पडतो. आमच्या सोफ्याला ज्वाळा नव्हतीच. जुन्या चकतीवर किरणोत्साराची खूण होती, म्हणजे ती पहिल्या जातीची. त्या रात्री तिच्यात बॅटरी असती आणि ती नवीकोरी असती, तरी ती वेळेवर बोलली असती का, याची मला खात्री वाटत नाही.

आम्ही प्रकाशावर चालणारे तीन घेतले, दहा वर्षांची सीलबंद बॅटरी असलेले आणि बिनतारी जोडणीचे. एकाने धूर पकडला की सगळे एकदम ओरडतात. जोडणीमुळे किंमत साध्याच्या बरीच वर जाते. मला विचाराल तर काटकसर दुसरीकडे करा. बंद दारामागे झोपलेल्या माणसाला घराच्या दुसऱ्या टोकाचा अलार्म ऐकू येईलच असं नाही. स्वयंपाकघरासाठी वेगळा हीट अलार्म घेतला, तो धूर बघतच नाही, तापमान बघतो. साधारण 58 अंश सेल्सियसला वाजतो. आग लागल्यावर तो स्मोक अलार्मपेक्षा उशिराच बोलणार, हे मान्य. पण गॅसपाशी स्मोक अलार्म लावला की तो दिवसाआड बोंब मारतो, आणि दिवसाआड बोंब मारणाऱ्या अलार्मची बॅटरी कुणीतरी काढतंच. आमच्या आधीच्या भाडेकरूंना मी आता तेवढी नावं ठेवत नाही.

1 फेब्रुवारीला, शनिवारी, बसवायला घेतले. पुस्तिकेतली अंतरं मी कागदावर काढून घेतली होती: छताच्या मधोमध किंवा भिंतीपासून निदान 30 सेंटिमीटर आत, दिव्यापासूनही तेवढंच लांब, स्वयंपाकाच्या जागेपासून निदान 3 मीटर, न्हाणीघराच्या दारापासून मीटरभर तरी. पंख्याच्या झोतात नको, धूर उडून जातो. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात आमच्या पॅसेजमध्ये या सगळ्या अटी पाळणारी जागा बशीएवढी होती. ड्रिल करताना अलार्म खोलीबाहेर ठेवा. आम्ही पहिला टेबलावर उघडा ठेवला आणि छताचं प्लास्टर भुरभुरताच त्याने अख्खं घर डोक्यावर घेतलं. एवढं करूनही तो पॅसेजमधला अलार्म 5 तारखेला सकाळी आंघोळीच्या वाफेने वाजला. पुन्हा शिडी, दीड हात पलीकडे नवीन भोक आणि जुनं बुजवणं. 'कामाचा कालावधी' उलटून गेला होता, पण त्याची वाच्यता कुठे केली नाही.

तर तीन अलार्म, एक हीट अलार्म, सगळे एकमेकांना जोडलेले. बाहेरची खोली, पॅसेज, आमची झोपायची खोली. मला वाटलं, झालं. आणि इथेच मी हा मजकूर लिहून टाकला असता, तर तो अर्धवट झाला असता.

8 फेब्रुवारीच्या रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, मी झाडूच्या दांड्याने पॅसेजमधल्या अलार्मचं बटण दाबलं. हे आधीच ठरलेलं, नवऱ्याला ठाऊक होतं. चिरंजीव, वय वर्षं नऊ, आणि आई, वय चौऱ्याहत्तर, यांना फक्त 'कधीतरी एका रात्री' एवढंच सांगितलं होतं. असे अलार्म तीन मीटरवर 85 डेसिबलचे असतात. मी दांडा धरून खाली उभी, दात शिवशिवत होते. तीन ठोके, थांबा, तीन ठोके, थांबा.

चिरंजिवांच्या खोलीचं दार उघडून बघितलं. तो कुशीवर वळला, पांघरूण कानावर ओढलं आणि झोपला. आईच्या खोलीत गेले. ती उताणी, हात छातीवर, श्वास संथ. उशाशी पाण्याचा ग्लास आणि त्याच्याशेजारी डबीत काढून ठेवलेली तिची दोन्ही श्रवणयंत्रं. खोलीत अलार्मचा आवाज स्पष्ट येत होता, मला. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. नवऱ्याने आवाज बंद केला तेव्हा दारावरची बेल वाजत होती. वरच्या मजल्यावरचे काका पायजम्यात, हातात टॉर्च. "काय झालं, सगळे ठीक ना?"

म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका उठले आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दोघं नाही. (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, ही सूचना मी लाजत लाजत इथे नोंदवते.)

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, तर ती हसली. "अगं, यंत्र काढल्यावर मला पाऊससुद्धा ऐकू येत नाही. मला वाटलं तुला माहितीय." मला माहिती होतं. जोडलं नव्हतं.

मग परत वाचन. नेहमीच्या अलार्मचा स्वर बारीक आणि उंच, 3000 हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही वर. वयाबरोबर माणसाची श्रवणशक्ती आधी नेमकी उंच स्वरांतच कमी होते. म्हणजे आगीत ज्यांना सगळ्यात जास्त धोका त्या म्हाताऱ्या माणसांना न ऐकू येणारा स्वर या यंत्राला दिलेला आहे. 520 हर्ट्झचा जाडा, खर्जातला आवाज कमी ऐकू येणाऱ्यांना, आणि मुलांनाही, कितीतरी चांगला उठवतो असं प्रयोगांत दिसलंय. मुलांचं तर वेगळंच आहे. त्यांची गाढ झोप खरोखरच गाढ असते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 5 ते 12 वर्षांची 176 मुलं होती. नेहमीच्या उंच स्वराने निम्मी-शिम्मीच उठली. आईच्या आवाजातल्या सूचनेने दहातली जवळपास नऊ. हे वाचून गहिवरावं की घाबरावं कळेना, कारण अलार्म वाजताना मी बेशुद्ध असेन तर आईचा आवाज आणायचा कुठून?

10 फेब्रुवारीला दुसरी खरेदी. आई आणि मुलगा दोघांच्या खोल्यांत एकेक जोडलेला अलार्म, आणि आईसाठी गादीखाली ठेवायची थरथरणारी चकती. घरातला कुठलाही अलार्म वाजला की ही गादी हलवते, शिवाय टेबलावर लख्ख दिवा उघडझाप करतो. हे महाग प्रकरण निघालं. बाकी सगळ्या अलार्मची बेरीज केली तरी हे एकटं त्याच्या वर गेलं. काही ठिकाणी कमी ऐकू येणाऱ्यांना हे सवलतीत किंवा फुकट मिळतं, म्हणून मी चौकशी केली. ऐकू कमी येत असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा होता आणि आईचा होता चार वर्षांपूर्वीचा. गेल्या चार वर्षांत तिचं ऐकणं सुधारलं असेल, अशी त्यांना आशा असावी. नवीन दाखल्याची तारीख मार्च अखेरीची मिळत होती. वाट बघवेना, विकत घेतलं. तुमच्या घरात कुणी श्रवणयंत्र वापरत असेल तर दाखला आधीच ताजा करून ठेवा, पैसे वाचतील. पार्सल यायला तीन आठवडे लागले, ते 3 मार्चला आलं. त्या तीन आठवड्यांत मी आईच्या खोलीत खाली अंथरूण घालून झोपत होते. तिला सांगितलं, आमच्या खोलीत डास फार झालेत.

त्याच काळात, 19 फेब्रुवारीला, पहाटे चारला कुठेतरी 'टिक्' असा आवाज. एकच. मिनिटभराने परत. बॅटरी उतरत आल्याची ही खूण, आणि ती पहाटेच सुरू होते कारण थंडीने बॅटरीचा विद्युतदाब आणखी उतरतो. पण आमच्या सगळ्या बॅटऱ्या तर नव्या! नवरा शिडी घेऊन एकेका अलार्मखाली कान लावून मिनिटभर उभा. टिक् व्हायचं, ते भलतीकडूनच. एवढा बारीक आवाज कुठून येतो हे माणसाच्या कानाला खरंच ठरवता येत नाही. पाऊण तासाने आई उठून बाहेर आली, यंत्र लावलं आणि म्हणाली, "गॅलरीत काय वाजतंय?" बुटांचं खोकं. चौदा वर्षांचा तो म्हातारा अर्धमेल्या बॅटरीवर शेवटचे आचके देत होता.

घरात गॅसवर चालणारा गीझर असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्मही याच काळात आला. याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण माझा स्वतःचा मोठा गैरसमज होता. स्मोक अलार्म हा वायू ओळखत नाही. गळणारा स्वयंपाकाचा गॅसही ओळखत नाही. त्याला फक्त हवेतले कण कळतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि धूर नसतानाही तो घरात साचू शकतो. त्याचा अलार्म तीनऐवजी चार ठोके देतो. आणि तो मुद्दाम वाट बघतो: हवेत दहा लाखात 50 भाग असतील तर तास-दीड तासाने वाजतो, 300 भाग असतील तर तीन मिनिटांच्या आत. कारण हा वायू रक्तात हळूहळू साठत जातो. त्यामुळे डोकं दुखतंय, मळमळतंय, घरातल्या दोघा-तिघांना एकदमच तसं होतंय आणि अलार्म गप्प आहे, अशा वेळी अलार्मवर भिस्त ठेवू नये. बाहेर मोकळ्या हवेत यावं.

15 मार्चला, शनिवारी रात्री, दुसरी तालीम. या वेळी काकांना आधी सांगून आले. ते म्हणाले, "मीही घड्याळ लावून बसतो."

बटण दाबलं. सातव्या-आठव्या सेकंदाला आईच्या खोलीतून ओरडा: "अगं, भूकंप झाला की काय!" मला भररात्री रडू फुटलं. चिरंजीव खोलीतल्या अलार्मने दीड मिनिटाने उठून बसले, डोळे अर्धे उघडले आणि बसल्या बसल्या परत पेंगले. त्याच्या खोलीत नवरा जाणार, आईच्या खोलीत मी, हे ठरलेलं होतं ते बरं. नवऱ्याने त्याला उचललंच. चौघं दारापाशी. दाराला आतून कुलूप. किल्ली खुंटीवर नाही.

ती नवऱ्याच्या खुर्चीवर टाकलेल्या पँटच्या खिशात होती. घरातून जिन्यापर्यंत पोचायला आम्हाला एकूण चार मिनिटं दहा सेकंद लागली, त्यातली अडीच मिनिटं किल्लीची. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेच्या आग-संशोधकांचं सांगणं असं, की आजच्या फोम आणि प्लास्टिकने भरलेल्या घरात पेटल्यापासून बाहेर पडायला साधारण तीनच मिनिटं हाती असतात, काही दशकांपूर्वी ती सतराच्या आसपास होती. अलार्म या तीन मिनिटांत भर घालत नाही. त्यातली किती आपण झोपेत घालवायची, एवढंच त्याच्या हातात. आणि आगीची सुरुवात जर चार्जिंगला लावलेल्या मोठ्या लिथियम बॅटरीतून झाली असेल, तर तेवढीही मिळतील याचा भरवसा नाही, ती क्षणात भडकते. आम्ही मुलाची बॅटरीवरची स्कूटर दरवाज्याच्या आत, बाहेर पडायच्या वाटेतच चार्ज करायचो! ती जागा त्याच रात्री बदलली, आणि रात्री चार्जिंग बंद. आता किल्ली दाराशेजारच्या खुंटीवरून हलवणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची भांडी घासावी लागतात. पुढच्या शनिवारी पुन्हा तालीम केली, एक मिनिट पस्तीस सेकंद.

आम्ही आता झोपायच्या खोल्यांची दारं बंद करून झोपतो. बंद दार धूर आणि आच बराच वेळ अडवून धरतं. पण तेच दार आवाजही अडवतं, म्हणून तर प्रत्येक खोलीत अलार्म. एक प्रश्न तालमीने सुटला नाही: आग आपल्या घरात नसून जिन्यात किंवा खालच्या घरात असेल तर? आपला अलार्म धूर आपल्या घरात शिरल्यावरच बोलणार, आणि तोवर जिना धुराने भरलेला असू शकतो. अशा वेळी बाहेर पडायचं की दाराच्या फटी बुजवून आत थांबायचं, हे इमारतीच्या रचनेवर ठरतं. इमारतीच्या ऑफिसात विचारलं. 'लेखी अर्ज करा' म्हणाले. केलाय. लिफ्ट मात्र कोणत्याच परिस्थितीत वापरायची नाही, हे चिरंजिवांना पाठ आहे.

देखभालीचं फारसं काही नाही. महिन्याच्या एक तारखेला बटण, झाडूच्या दांड्याने. तीन-चार महिन्यांनी व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने जाळीवरची धूळ आणि कोळ्याची जाळी, कारण बारकी किडं आत शिरली तरी अलार्म उगाच वाजतो. रंगकाम निघालं तर अलार्मवर रंग लागू द्यायचा नाही. प्रत्येकाच्या कडेला मी मार्करने ठळक '2035' लिहून ठेवलंय. आणि विमा कंपनीला पत्र लिहून जुना 'हो' दुरुस्त केला. त्यांच्याकडून पोच आली, बाकी काही नाही.

राहता राहिलं बुटांचं खोकं. त्यातली बॅटरी काढली होती, पण आत अमेरिशियम असल्यामुळे तो अलार्म कचऱ्यात टाकावासा वाटेना. सीलबंद असेपर्यंत त्यापासून काही धोका नाही, फक्त तो फोडायचा, उघडायचा किंवा जाळायचा नाही. विल्हेवाटीचे नियम प्रत्येक देशात निराळे. कचरा विभागाने सांगितलं, हे इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात. इलेक्ट्रॉनिक कचरावाल्यांनी चकतीवरची खूण बघितली आणि सांगितलं, हे धोकादायक कचऱ्यात. तिथल्यांनी विचारलं, किती टन? शेवटी तिसऱ्या फेरीत, 28 मार्चला, एका काउंटरवर तो स्वीकारला गेला. फॉर्मवर 'वस्तू', 'नग' आणि 'टाकण्याचे कारण'. कारणाच्या रकान्यात मी बराच वेळ पेन टेकवून उभी राहिले, मग 'मुदत संपली' लिहिलं.

खिडकीमागच्या बाईंनी खोकं उघडलं, चकती उलटी केली, साल बघितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "हा कुठे बसवला होता?"

"आमच्या बाहेरच्या खोलीत."

त्यांनी मान वर करून आपल्या ऑफिसच्या छताकडे बघितलं. मीही बघितलं. तिथे अशीच एक चकती होती, पिवळी पडलेली. त्यांनी मागे वळून शिपायाला हाक मारली, "अहो, जरा ती शिडी आणता का?"